स्कूटरच्या रंगाखालचं रत्न

गेल्या अंकात फॉस्फेट खनिजांची ओळख करून देताना शेवटी फॉस्फोफायलाइटवर मी दोनच ओळी लिहिल्या होत्या: रत्नांच्या बाजारात अतिशय दुर्मीळ, आणि तरीही तुमच्या दारातल्या स्कूटरच्या रंगाखाली बहुधा असणारं. पहिल्या ओळीवर तरुण वाचकांची पत्रं आली, दुसरीवर एमआयडीसीतून. एक तर थेट जर्मनीहून आलं. म्हणून या वेळचं सगळं सदर या एकाच खनिजाला. बाकीच्यांनी रुसू नये, त्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

मी अकरावीत आहे. एका जपानी अॅनिमे मालिकेत फॉस्फोफायलाइट नावाचं पात्र आहे. त्याची कठिनता साडेतीनच असल्यामुळे ते सारखं तुटतं. खरा दगडही असाच असतो का? साडेतीन म्हणजे नेमकं किती? — एक विद्यार्थिनी, सातारा

मालिका मी पाहिलेली नाही. भाचीनं त्या पात्राचं चित्र दाखवलं, आणि केसांचा तो पुदिन्यासारखा निळसर-हिरवा रंग मात्र चित्रकारानं अगदी अचूक पकडलाय हे मान्य करावं लागलं.

आधी आकड्याचं बघू. मोसचं कठिनता-मापक ओरखड्यांचं आहे, ताकदीचं नाही. फ्रीडरिख मोस या खनिजतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा खनिजं अशी ओळीनं लावली की प्रत्येक खनिज आपल्या आधीच्यावर चरा पाडेल. त्या ओळीत कॅल्साइट तीनवर आहे आणि फ्लोराइट चारवर. फॉस्फोफायलाइट या दोघांच्या मधे, ३ ते ३.५. नखाची कठिनता साधारण अडीच, म्हणून नखानं त्याला काही होत नाही. चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास, ते सहज चरा पाडेल. आणि घरातली साधी धूळ? तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात, कठिनता ७. कोरड्या फडक्यानं हा दगड खसाखसा पुसणं म्हणजे त्यावर पॉलिश पेपर फिरवणं.

पण कठिनता कमी म्हणून दगड तुटतो, हे गणित बरोबर नाही. हिरा दहावर आहे, तरी नेमक्या दिशेनं टोला बसला की सरळ दुभंगतो, आणि हिऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच गोष्टीचा फायदा घेत आले. उलट जेड सहा-सातच्या घरात असूनही हातोडीला लवकर दाद देत नाही. दगड कसा फुटेल हे ठरतं त्याच्या पाटनावर, म्हणजे आतल्या कोणत्या पातळ्यांवर तो सहज सुटा होतो यावर. फॉस्फोफायलाइटला अशा तीन दिशा आहेत. त्यातली एक तर इतकी स्वच्छ की तिथं तो आरशासारखा सपाट फाटतो. मालिकेतल्या पात्राच्या तुटण्याचं खरं कारण शोधायचं तर ते इथं आहे, साडेतीन या आकड्यात नाही.

असं का, ते समजायला आत डोकवावं लागेल. या खनिजाच्या सूत्रात जस्ताचे दोन अणू, लोहाचा एक, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू. वजनाचा हिशेब केला तर शंभर ग्रॅम शुद्ध फॉस्फोफायलाइटमध्ये साधारण २९ ग्रॅम जस्त, साडेबारा ग्रॅम लोह, ४२ ग्रॅम फॉस्फेट आणि तब्बल १६ ग्रॅम पाणी भरतं. जस्त आणि फॉस्फरस यांच्या भोवती प्रत्येकी चार ऑक्सिजन अणू असतात, आणि अशा चौफलकांचे थर तयार होतात. दोन थरांच्या मधे लोह बसलेलं असतं. त्या लोहाच्या भोवती सहा जागा. दोन जागी थरांतला ऑक्सिजन आणि उरलेल्या चारही जागी पाणी. म्हणजे थर आपापल्या जागी भक्कम, पण थराला थर जोडणारा दुवा विरळ आणि पाण्यानं भरलेला. स्फटिक फाटतो तो याच सांध्यांवर.

अभ्यासासाठी लिहून ठेव: स्फटिकसमुदाय एकनताक्ष (मोनोक्लिनिक). विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, ३.१ च्या आसपास. चमक काचेसारखी. रंग बिनरंगीपासून गडद निळसर-हिरव्यापर्यंत. अपवर्तनांक साधारण १.५९५ ते १.६२, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा थोडा वर आणि हिऱ्याच्या (२.४२) कितीतरी खाली. त्यामुळे हिऱ्यासारखी रंगीत आग त्यात दिसणार नाही. मोल आहे ते रंगाला. लघुतरंगी अतिनील प्रकाशात तो जांभळट चमकतो. नोटा तपासायची टॉर्च यासाठी चालत नाही, तिचा प्रकाश दीर्घतरंगी असतो. आम्लात हा दगड विरघळतो आणि तापवला की पाणी सोडतो. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण कुणी विचारलंच तर पाटनाचं आधी सांग.

आमच्याकडे विहिरीचं काम चालू असताना काळ्या दगडाच्या पोकळीत निळसर-हिरवे, पारदर्शक, चौकोनी टोकाचे स्फटिक मिळाले. वाचलेल्या वर्णनाशी ते जुळतात. हे फॉस्फोफायलाइट असू शकतं का? — एक वाचक, जळगाव जिल्हा

नाही. फोटो न बघता एवढं ठाम कसं सांगते, ते ऐका.

तुमचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांतून जे गरम पाणी फिरलं त्यात सिलिका, कॅल्शियम, अॅल्युमिनियम भरपूर होतं. म्हणून आपल्याकडे झिओलाइटं, अॅपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ यांची रेलचेल. फॉस्फोफायलाइटला जस्ताचं खनिज आणि फॉस्फेट एकाच जागी, एकाच पाण्यात लागतं. बेसाल्टच्या पोकळीत ती जोडी जमत नाही. तुमच्या हातात आहे ते बहुतेक हिरवं अॅपोफिलाइट. जळगावच्या खाणींतलं अॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत गेलेलं आहे, तेव्हा हिरमुसू नका. निळ्या रंगाचंच वेड असेल तर पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट पाहा. तेही दुर्मीळ, पण ते व्हॅनेडियमचं सिलिकेट आहे. फॉस्फेटशी त्याचा संबंध नाही.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर घरबसल्या करता येईल, दगड न फोडता. सोनाराकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा मिळवा. स्फटिकाला खालचा दगड चिकटलेला नको, सुटा तुकडा घ्या आणि त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा पेल्याच्या कडेला लागू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. वजनाला या आकड्यानं भागा, येतं ते विशिष्ट गुरुत्व. समजा तुकडा ६.२ ग्रॅमचा आहे आणि बुडवल्यावर काट्यानं २.० दाखवले, तर उत्तर ३.१, तसं असेल तर मला लगेच फोन करा! २.६ दाखवले तर उत्तर २.४ च्या जवळ येतं, म्हणजे अॅपोफिलाइट. तुकड्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, तेव्हा पाण्यात थेंबभर भांडी धुण्याचा साबण घाला.

आणि ३.१ च्या आसपास आलं तरी लगेच उडी मारू नका. फ्लोराइटचं विशिष्ट गुरुत्व ३.१८ आहे, रंग हिरवाही असतो, आणि ते आपल्या भागात विकायला येतं; गुजरातेत आंबाडुंगरला त्याची खाणच आहे. फ्लोराइटचं पाटन चार दिशांनी असतं आणि फुटलेले कोपरे त्रिकोणी दिसतात.

अॅसिडची चाचणी कृपा करून करू नका. खनिज साधं असो वा दुर्मीळ, ते खराब होईल आणि हाती काहीच लागणार नाही.

माझी रास कन्या. पाचूऐवजी फॉस्फोफायलाइटची अंगठी चालेल का? ऑनलाइन एकाने सुचवली आहे. — एक वाचक, डोंबिवली

राशीचं मला विचारू नका. अंगठीचं विचाराल तर नाही. लोकलच्या दांड्याला एकदा हात लागला की खडा दुभंगेल. चांदीबरोबर चिंचेनं घासलात तर पॉलिश जाईल. सोनारानं खडा अंगठीत असताना डाग द्यायला घेतला तर उष्णतेनं त्याचं पाणी सुटेल. या दगडाला पैलू पाडतात ते संग्राहकांसाठी, डबीत ठेवायला.

ताई, मी नोकरीनिमित्त न्यूर्नबर्गला असतो. फॉस्फोफायलाइट पहिल्यांदा बव्हेरियातच सापडलं असं वाचलं. शनिवार-रविवारी जाऊन शोधता येईल का? आणि एवढी दुर्मिळता कशामुळे? — एक वाचक, जर्मनी

जागा तुमच्यापासून फार लांब नाही. ए-६ महामार्गानं पूर्वेला चेक सीमेकडे निघालात की वाइडहाउस लागतं, त्याच्या जवळच हागेनडॉर्फ. तिथल्या पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या खाणीतून आलेल्या नमुन्यांवरून लाउबमान आणि श्टाइनमेट्झ या दोघांनी १९२० मध्ये हे खनिज पहिल्यांदा वर्णन केलं. खाण मात्र फॉस्फेटसाठी नव्हती, चिनी मातीच्या उद्योगाला लागणाऱ्या फेल्डस्पारसाठी होती, आणि ती १९८० च्या दशकात बंद झाली. तेव्हा खणायला जाऊ नका. त्यापेक्षा शेजारच्या प्लायश्टाइनला जा. गावाच्या मधोमध क्वार्ट्झचा एक पांढरा-गुलाबी कडा उभा आहे, त्यावर चर्च. तो कडा म्हणजे अशाच एका पेग्मटाइटचा गाभा. भोवतालचा खडक झिजून गेला, क्वार्ट्झ तेवढा उरला. भूविज्ञानाची पुस्तकं वाचून जे डोळ्यांसमोर येत नाही ते तिथं रस्त्यावर उभं राहून दिसतं.

दुर्मिळतेचा प्रश्न जास्त चांगला आहे. फॉस्फोफायलाइट व्हायला लागतं काय? जस्त, लोह, फॉस्फेट, पाणी. यातलं एकही दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो त्यांचा मेळ, आणि त्यात एक अट आहे जी फार कमी ठिकाणी पाळली जाते.

हागेनडॉर्फचा मेळ असा बसला. पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटचा रस थिजत आला की शेवटी उरलेल्या पाणीदार रसातून तयार होणारा मोठ्या स्फटिकांचा खडक. हागेनडॉर्फच्या रसात फॉस्फरस आणि लिथियम होतं, म्हणून आधी ट्रायफायलाइट झालं: लिथियम आणि लोहाचं फॉस्फेट, थोड्या मँगनीजसह. (ई-स्कूटरच्या एलएफपी बॅटरीत जे लिथियम आयर्न फॉस्फेट घालतात त्याची स्फटिकरचना हीच. या ट्रायफायलाइटचाही रत्नांपेक्षा गाड्यांशीच संबंध जास्त यावा याची मला गंमत वाटते.) पुढं खडक थंड होताना फिरणाऱ्या पाण्यानं ट्रायफायलाइट कुरतडलं, लिथियम वाहून गेलं, लोह आणि फॉस्फेट मोकळं झालं. जवळच स्फॅलेराइट होतं, म्हणजे जस्ताचं सल्फाइड. त्यातून जस्त आलं. तिघांची गाठ पडली.

आता ती अट. फॉस्फोफायलाइटमधलं लोह फेरस, म्हणजे कमी ऑक्सिडीकरण झालेल्या, अवस्थेतलं आहे. त्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन मिसळला तर लोह फेरिक होतं आणि त्याची वेगळीच, तपकिरी-पिवळी-जांभळी फॉस्फेटं तयार होतात. फॉस्फोफायलाइटला लोह उरत नाही. उलट ऑक्सिजन अजिबातच नसला तर स्फॅलेराइट जस्त सोडायला तयार नसतं. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत पाणी बराच काळ राहिलं पाहिजे, तरच स्फटिक डोळ्यांना दिसण्याएवढा होणार.

हागेनडॉर्फचे स्फटिक छोटे. ज्या मोठ्या, गडद, पारदर्शक स्फटिकांसाठी संग्राहक वेडे होतात ते बोलिव्हियातले, पोतोसीच्या सेर्रो रिको डोंगरातले, त्यातही उनिफिकादा खाणीतले. हा तोच डोंगर, जिथं १५४५ मध्ये चांदी सापडली आणि ज्याच्या रुप्याच्या नाण्यांनी स्पेननं अर्ध्या जगाशी व्यापार केला. उंची सुमारे ४,८०० मीटर. तिथं कथील आणि चांदीच्या शिरांच्या पोकळ्यांत काही सेंटिमीटर लांबीचे फॉस्फोफायलाइटचे स्फटिक मिळाले. जगातल्या मोठ्या संग्रहांत दिसणारे चांगले नमुने बहुतेक तिथलेच.

फॉस्फेट दरवेळी खडकातूनच यायला हवं असंही नाही. झांबियातल्या काब्वेच्या खाणीत एक गुहा लागली. खडक जस्ताचा आणि गुहेत प्राण्यांच्या हाडांचा खच. हाडं म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. जस्ताचं पाणी त्यावरून झिरपत राहिलं आणि हाडांवर हॉपाइट व टारबुटाइट ही जस्ताची फॉस्फेटं उगवली. १९२१ मध्ये त्याच खाणीत आदिमानवाची सुप्रसिद्ध कवटी मिळाली. हॉपाइट हे नाव लक्षात ठेवा. फॉस्फोफायलाइटचं सख्खं भावंड आहे ते, आणि पुढच्या उत्तरात त्याचं काम आहे.

अहिल्यानगर एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं युनिट आहे, सेव्हन टँक प्रोसेस. सप्लायर झिंक फॉस्फेट म्हणून केमिकल देतो, फॉस्फोफायलाइट हे नाव कधी ऐकलं नाही. स्कूटरचं तुम्ही जरा वाढवून लिहिलंत असं वाटलं. दुसरं, सीआरसी (साध्या पोलादी) शीटवर राखाडी फॉस्फेट छान बसतं, जीआयवर (जस्त चढवलेल्या पत्र्यावर) वेगळंच दिसतं. आणि मधूनच जॉब खरखरीत येतो, बोटाला पावडर लागते. का? — एक उद्योजक

वाढवून काही लिहिलेलं नाही. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या एका पेंट शॉपच्या लॅबमध्ये गेली, आणि फॉस्फोफायलाइट मी पहिल्यांदा पाहिलं ते संग्रहालयात नव्हे तर स्फटिक ओळखायच्या एक्स-रेच्या आलेखावर, दरवाजाच्या पत्र्याच्या तुकड्यात.

तुमच्या फॉस्फेटिंग टाकीत काय होतं ते बघा. द्रावण आम्लधर्मी, पीएच तीनच्या आसपास, आणि त्यात जस्त व फॉस्फेट विरघळलेलं. जॉब आत गेला की आम्ल पत्र्याचं लोह खायला लागतं. ते खाताना पत्र्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातलं आम्ल संपतं, तेवढ्यापुरता पीएच वर चढतो. बाकी टाकीत जस्ताचं फॉस्फेट आरामात विरघळलेलं असतं, पण या पातळ थरात त्याला राहता येत नाही. ते पत्र्यावरच स्फटिक होऊन बसतं. आत्ताच सुटलेलं लोह तिथंच घुटमळत असतं. ज्या स्फटिकात ते शिरलं तो फॉस्फोफायलाइट. ज्यात नुसतं जस्त गेलं तो हॉपाइट. दोघांत फरक फक्त पाण्यानं वेढलेल्या त्या एका जागेचा: तिथं लोह की जस्त. म्हणजे तुमच्या सीआरसीवरचं रत्न तुमच्याच पत्र्याच्या लोहातून तयार झालेलं आहे. सप्लायरनं ते डब्यातून दिलेलं नाही, म्हणून त्याच्या डब्यावर नावही नाही.

स्फटिक दोन ते दहा मायक्रॉनचे. पत्र्याच्या चौरस मीटरवर दोन-तीन ग्रॅम. सगळे घट्ट दाबून बसवले तर मायक्रॉनभर जाडीचा थर कसाबसा होईल. निळसर-हिरवा रंग दिसणं शक्यच नाही, प्रकाश विखरून नुसतं राखाडी दिसतं.

आता जीआय. त्यावर जस्ताचा थर आहे, आम्ल ते जस्त खातं, लोहाची भेटच होत नाही. म्हणून जीआयवर फक्त हॉपाइट येतं, दिसणं वेगळं असायचंच. तो दोष नाही. मोटार कंपन्या बाथमध्ये निकेल आणि मँगनीज घालतात ते याचसाठी: लोहाची जागा त्यांनी घ्यावी.

या सगळ्याचा उपयोग काय? मोठ्या पेंट शॉपमध्ये पत्र्यावर सीईडी प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, विजेनं बसवतात. त्या वेळी पत्रा ऋण ध्रुव असतो आणि त्याच्या पृष्ठभागाशी पाणी एकदम तीव्र अल्कली होतं. त्यात हॉपाइट जास्त विरघळतं, फॉस्फोफायलाइट कमी. म्हणून आम्ही दोघांचं प्रमाण मोजायचो. एक्स-रेच्या आलेखात दोघांची शिखरं अगदी शेजारी येतात, एक्स-रेची नळी तांब्याची असेल तर एक ९.६ अंशांपाशी आणि दुसरं १० पाशी. फॉस्फोफायलाइटचं शिखर भागिले दोन्हींची बेरीज, हा आमचा पी-रेशो. तो घसरला की साल्ट स्प्रेच्या कपाटात पाच टक्के मिठाच्या धुक्यात ठेवलेलं पॅनेल आडव्या-उभ्या चऱ्यापासून फुगायला लागायचं, आणि मग मीटिंगा. टाकीत बुडवलेल्या जॉबवर फॉस्फोफायलाइट जास्त मिळतं. स्प्रेमध्ये ताजं पाणी सारखं आदळून सुटलेलं लोह धुऊन नेतं.

तुमच्याकडे सीईडी नाही, तरी हे तुम्हाला लागू आहे. पावडरच्या थराला चरा पडून आत पाणी शिरलं की गंज लागताना पत्र्याच्या काही भागात अल्कलीच तयार होते. कोकणात जाणारी कपाटं किंवा ग्रिल करत असाल तर सीआरसीचे जॉब बुडवूनच करा.

खरखरीत येण्याचं. पहिला संशय मी फॉस्फेटिंगच्या टाकीवर घेणार नाही, तिच्या आधीच्या अॅक्टिव्हेशनवर घेईन. टायटॅनियमचं ते दुधट पाणी म्हणजे विरजण आहे: स्फटिक कुठून सुरू व्हायचे त्या असंख्य जागा ते पत्र्यावर ठेवतं. विरजण मेलं की थोडेच स्फटिक सुरू होतात, ते वेडेवाकडे मोठे वाढतात आणि मधे पत्रा उघडा राहतो. तुमच्या भागातलं बोअरचं जड पाणी वापरत असाल तर त्यातलं कॅल्शियम ते कलिल (पाण्यात तरंगणारे बारीक कण) फोडून खाली बसवतं. अॅक्टिव्हेशनला आरओचं किंवा डीएमचं पाणी घ्या, आणि टाकी जुनी झाली की टॉपअप करत बसू नका, सरळ ओता आणि नवी भरा. दुसरं, डीरस्टिंगला हायड्रोक्लोरिक वापरता ना? आम्लातून आलेल्या पत्र्यावर स्फटिक जाडच येतात. मधलं रिन्स वाहतं ठेवा. गंज नसलेला जॉब त्या टाकीत बुडवूच नका. कामगार सवयीनं बुडवतात.

बोटाला लागणारी पावडर बहुधा वेगळ्या कारणानं. टोनर मोजता का? काचेच्या वाकड्या नळीत बाथ भरून सल्फॅमिक अॅसिड टाकायचं आणि वर किती मिलिलिटर गॅस जमतो ते बघायचं, पाच मिनिटांचं काम. टोनर म्हणजे नायट्राइट. ते विरघळलेल्या फेरस लोहाचं फेरिक करतं, आणि फेरिक फॉस्फेट तळाशी गाळ होऊन बसतं. तेवढं व्हायलाच हवं, नाहीतर टाकीत लोह साचतं. पण ऑपरेटरनं अंदाजानं मगभर ओतलं की टोनर जास्त होतो, गाळ ढवळून वर येतो आणि जॉबवर धुळीसारखा बसतो. शिवाय स्फटिकात जाणारं लोहही कमी पडतं. हागेनडॉर्फच्या उत्तरात जी ऑक्सिजनची अट लिहिली आहे, तीच तुमच्या टाकीत टोनरच्या मापाशी येऊन थांबते. सप्लायरनं दिलेल्या पॉइंटच्या मर्यादेत ठेवा, फ्री अॅसिड आणि टोटल अॅसिडचं टायट्रेशन रोज सकाळी करा, आणि आठवड्याच्या सुट्टीत गाळ बसू देऊन वरचं पाणी दुसऱ्या टाकीत काढून घ्या.

फॉस्फेटिंगच्या टाकीत तीन मिनिटांत होतं तर रत्नाएवढा मोठा स्फटिक कारखान्यात का करत नाहीत? ‘लॅब-ग्रोन’ म्हणून एक निळसर-हिरवा पैलूदार खडा स्वस्तात मिळतोय. — एक वाचक, कोल्हापूर

तीन मिनिटांत होतं म्हणूनच मोठा होत नाही. टाकीत असंख्य स्फटिक एकदम सुरू होतात, शेजाऱ्याला टेकेपर्यंत वाढतात आणि थांबतात. मोठा स्फटिक हवा तर सगळंच उलटं पाहिजे: सुरुवात एखाद्या जागीच, पुरवठा थेंबाथेंबानं, हवा बंद. शिवाय या खनिजाची पाण्यात विद्राव्यता अगदी कमी, म्हणजे वाढीला लागणारा माल पाण्यात फारसा मावतच नाही.

तो खडा बहुधा काच आहे. वर जळगावच्या वाचकांना सांगितलेली पाण्याची चाचणी करा. साधी काच २.५ च्या आसपास येते. शिशाची जड काच मात्र तीनच्या वर जाऊ शकते, त्यामुळे नुसत्या वजनावर भागणार नाही. विकणाऱ्याकडे रत्नपरीक्षेचा अहवाल मागा आणि त्यात दुहेरी अपवर्तनाचा (एकच किरण दोन वाटांनी वाकण्याचा) आकडा शोधा. फॉस्फोफायलाइटचा सुमारे ०.०२१ असतो, काचेला दुहेरी अपवर्तन नसतं. अहवाल द्यायला त्यानं टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका.